टूल ट्रॉली घ्या दादा, पण ७८ हजारांची नको आणि हप्त्यावर तर नकोच

नाशिकहून एका वाचकांनी विचारलंय, त्यांचा प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, रो-हाऊसच्या पार्किंगला शटर लावून गॅरेज केलंय, नऊ वर्षं जुनी वॅगनआर आणि दोन बाईक स्वतःच सर्व्हिस करतात. आता त्यांना चाकांची सात ड्रॉवरवाली टूल ट्रॉली घ्यायचीये, २१८ पीसच्या सेटसकट ७८,००० ला, क्रेडिट कार्डवर नो कॉस्ट ईएमआय, १२ महिने ६,५०० चा हप्ता. रोख दिले तर दुकानदार ७४,००० ला द्यायला तयार आहे आणि तीच ट्रॉली रिकामी घेतली तर ३२,००० ला. पगार हातात येतो ६२,०००, होम लोन २१,०००, घरखर्च २८,०००, एसआयपी ५,०००, इमर्जन्सी फंड ९०,०००. दिवाळीचा बोनस साधारण ३५,००० येतो. आणि त्यांचं म्हणणं असं की वर्षाला पंधरा हजार सर्व्हिसिंगचे वाचतात, पाच वर्षांत पैसे वसूल, म्हणजे ही गुंतवणूकच झाली ना ताई?

दादा, पंधरा हजार तुम्ही वाचवताय हे खरंय, त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक, पण ते तुम्ही आत्ताच वाचवताय ना! तुम्हीच लिहिलंय की पाने, गोट्या (म्हणजे सॉकेट), रॅचेट सगळं दोन भाजीच्या क्रेटमध्ये आणि एका सिमेंटच्या गोणीत ठेवलंय, आणि त्याच सामानावर तुम्ही ऑइल बदलता, ब्रेक शू बदलता, क्लच केबल टाकता. ट्रॉली आली म्हणून हे पंधराचे वीस हजार होणार नाहीत. पैसे वाचतात ते तुमच्या हातामुळे आणि पान्यांमुळे, ड्रॉवरमुळे नाही. ट्रॉलीनं काय मिळेल, तर शोधाशोध वाचेल, कंबर वाचेल, आणि दहा नंबरची गोटी तिसऱ्यांदा विकत घ्यावी लागणार नाही. हा आराम आहे, हौस आहे, आणि हौसेला पैसे खर्च करण्यात काहीच गैर नाही, आठवडाभर शॉपफ्लोअरवर काढून रविवारी माणूस गॅरेजमध्ये रमतो ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त तिला हौसेच्या खात्यातून पैसे द्या. गुंतवणूक म्हटलं की माणूस जास्त महागातलं घेतो, तेच इथं होतंय.

आता नो कॉस्टचं बघू, कारण खरी गडबड तिथंच आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरमध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. म्हणून आता होतं असं की बँक व्याज लावतेच, आणि तेवढी रक्कम डिस्काउंट म्हणून आधी कमी करून दाखवतात. तुमच्या केसमध्ये कार्डाचा रेट १५ टक्के धरला तर बँकेच्या हिशोबात कर्ज बसतं साधारण ७२,०००, आणि वर्षभराचं व्याज जवळपास ६,०००, मिळून तुमचे ७८,०००. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुमच्याच खिशातून जातो, म्हणजे हजार-अकराशे रुपये, वर प्रोसेसिंग फी दोनशे-अडीचशे. आणि रोखीवर मिळणारे ४,००० सुटले ते वेगळेच. म्हणजे ७४ हजारांच्या वस्तूला तुम्ही सव्वाएकोणऐंशी हजार देताय, हा वर्षाला १३ टक्क्यांच्या आसपासचा दर झाला. तुमचं होम लोनही एवढं महाग नसणार.

आणि हप्ता बसतो कुठे? सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला ८,००० उरतात, त्यातले ६,५०० गेले की राहिले दीड हजार. वर्षभरात जमले १८ हजार, आणि हप्ते संपतात न संपतात तोच पुढच्या एप्रिलमध्ये मुलीच्या दहावीच्या क्लासची फी समोर उभी. इमर्जन्सी फंड ९०,००० आहे म्हणजे होम लोन धरून तुमच्या खर्चाने दोन महिनेसुद्धा निघत नाहीत, घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि कंपनीत ओव्हरटाइम बंद झालाय हे तुम्हीच लिहिलंय. अशा वेळी मला ट्रॉलीपेक्षा त्या फंडाची जास्त काळजी वाटते.

२१८ पीसच्या सेटबद्दल एवढंच सांगते की यादी मागून घ्या आणि पेन घेऊन बसा. त्यात एकेक बिट वेगळा मोजलेला असतो, आणि इंची गोट्या असतील तर त्या तुमच्या गाड्यांना लागतच नाहीत, सगळं काम ८, १०, १२, १४, १७, १९ एमएमवर चालतं, आणि ते तुमच्याकडे आहे. सेटचे ४६,००० देताय तुम्ही! तुमच्याकडे नसलेली आणि खरंच लागणारी वस्तू एक दिसते, टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना, ती सुटी घ्या.

तर माझं मत, रिकामी ट्रॉली, ३२,००० ची, रोखीनं, दिवाळीला. आत्ता एप्रिल चालू आहे, उरणाऱ्या ८,००० पैकी ३,००० ची आरडी ट्रॉलीसाठी आणि ५,००० इमर्जन्सी फंडात. सात महिन्यांत आरडीचे २१,००० होतात, बोनसमधले ११,००० त्यात घातले की ट्रॉली आली. फंडात ३५,००० पडले आणि बोनसचे उरलेले २४,००० घातले तर तो १,४९,००० वर जातो, म्हणजे बरोबर तीन महिन्यांचा खर्च. दिवाळीनंतर तेच ८,००० मुलीच्या क्लाससाठी साठवायचे. एसआयपीला हात लावू नका.

वहिनी म्हणतात की जुनं लोखंडी कपाट पडून आहे तेच वापरा, त्यात तथ्य आहे. जॅक, ऑइलचे कॅन, ग्राइंडर असलं जड सामान त्या कपाटात गेलं तर तुम्हाला सातऐवजी पाच ड्रॉवरही पुरतील आणि अजून पैसे वाचतील, नक्की विचार करा.

दुकानात गेलात की रंग बघू नका, खालचा मोठा ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा आणि त्यात तुमचं वजनदार सामान ठेवून बघा. बॉल बेअरिंगची स्लाइड असेल तर सरळ येतो, हलकी असेल तर पुढून वाकतो आणि बंद करताना अडकतो. प्रत्येक ड्रॉवरला किती किलो चालतं ते विचारा, दोन ड्रॉवर एकदम उघडले तर ट्रॉली पुढे झुकते का ते बघा, पत्रा किती एमएमचा आहे ते बिलावर लिहून घ्या. चाकांना ब्रेक हवेतच, कारण पार्किंगच्या फरशीला पाणी जायला गेटकडे उतार दिलेला असतो आणि भरलेली ट्रॉली त्या उतारावर सुटली तर थेट गाडीच्या दारावर. नाशिकचा पावसाळा शटरच्या फटीतून आत येतोच, म्हणून प्रत्येक ड्रॉवरमध्ये रबर मॅट घाला आणि पाने तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवा.

रविवारी मित्रांच्या बाईक करून देता त्याचे तीनशे-चारशे मिळतात, ते या हिशोबात मी मुद्दाम धरले नाहीत. त्याचा खरंच धंदा करायचा असेल तर वेगळं लिहा, मग जागा, वेळ, मित्रांकडून पैसे मागायची तयारी सगळंच बघावं लागेल.

आणि एक, तुम्ही एमआयडीसीतच आहात तर कान उघडे ठेवा. एखादं युनिट बंद होतं किंवा टूल रूम बदलते तेव्हा चांगल्या जाड पत्र्याच्या ट्रॉल्या निम्म्या किमतीत निघतात, डेंट असतील तर असू द्या, स्लाइड आणि चाकं नीट बघून घ्या. दिवाळीच्या आधीच तशी मिळाली तर आरडी मोडून घेतली तरी चालेल, आरडी मोडल्यावर व्याज थोडंसंच कमी मिळतं, पण फंडातले पैसे त्यासाठी काढू नका.