गुन्हा परदेशात, फिर्याद गावच्या ठाण्यात

प्रश्न (लातूर): भाचीचं कुटुंब आखाती देशात होतं. तिथं तिच्या नऊ वर्षांच्या लेकरावर आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं अत्याचार केला. तो आता गावी परतलाय. ठाण्यात म्हणतात, "घटना आमच्या हद्दीतली नाही."

उत्तर: हद्दीची सबब इथे चालत नाही. भारतीय नागरिकाने जगात कुठेही केलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागू होते (कलम 1). घटना 1 जुलै 2024 च्या आधीची असेल, तर जुनी दंडसंहिता, कलम 4. नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) कलम 208 नुसार आरोपी जिथे सापडेल किंवा गुन्हा जिथे नोंदला जाईल, तिथे कारवाई होते. कलम 173 मध्ये तर फिर्याद हद्द न पाहता घ्यावी असे स्पष्टच लिहिले आहे. ऑस्ट्रेलियाने अशा गुन्ह्यांसाठी 1994 सालीच खास कायदा केला. आपल्याला या सर्वसाधारण कलमांवरच भागवावे लागते.

एक बारकावा वकिलांच्याही नजरेतून सुटतो. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, स्वतःची व्याप्ती 'संपूर्ण भारत' एवढीच सांगतो. त्यामुळे नुसते पोक्सो लावून थांबलात, तर बचावपक्ष तिथेच बोट ठेवणार. न्याय संहितेची (किंवा जुन्या दंडसंहितेची) कलमे सोबत लावायला सांगा.

लेकराचा जबाब घरीच घेता येतो. शक्यतो महिला अधिकारी असावी, आणि वर्दी नको. अन् पाहुण्यारावळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही टाकू नका. ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग ती काळजीपोटी केलेली का असेना.

प्रश्न (परभणी): परदेशातल्या गुन्ह्याच्या खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी लागते म्हणे. ती येईपर्यंत पोलिसांनी थांबायचं का?

उत्तर: नाही. बोत्स्वानात झालेल्या सासरच्या छळाच्या प्रकरणात (थोटा वेंकटेश्वरलू, 2011) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की न्यायालय दखल घेईपर्यंत मंजुरी लागत नाही. ती लागते पुढे खटला चालवायला. म्हणून तपासासोबतच प्रस्ताव पाठवायला लावा. मंजुरीविना खटला पुढे सरकत नाही, आणि तोवर साक्षीदार पांगतात.

प्रश्न (जालना): डॉक्टर, शेजारी, शाळा सगळं तिकडंच. सिद्ध कसं करायचं?

उत्तर: खरी कसोटी इथेच आहे. परदेशातील न्यायिक अधिकाऱ्यापुढे किंवा भारतीय वकिलातीच्या प्रतिनिधीपुढे झालेली साक्ष आणि दिलेली कागदपत्रे इथले न्यायालय ग्राह्य धरू शकते. आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 209). तिकडच्या तपासासाठी न्यायालयामार्फत विनंतीपत्र जाते, त्याच संहितेचे कलम 112. पण त्याला वेळ लागतो. तोवर तुमच्या हातात आहे ते जपा: दवाखान्याचे कागद, पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटे, भाडेकरार, शाळेचे ईमेल. आरोपीने माफी मागणारा मेसेज पाठवला असेल, तर फोनच जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

प्रश्न (बीड): आमची टोळी ऊसतोडीला कर्नाटकात होती, तिथं असा प्रकार घडला. आम्हालाही मंजुरी लागेल?

उत्तर: नाही, परराज्य म्हणजे परदेश नव्हे. तुमच्या ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न पाहता घेतलेली फिर्याद) नोंदवा, तो तिकडच्या ठाण्याकडे वर्ग होईल. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबू नका.