कीव, करुणा आणि भाऊबंदकी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागच्या लेखात मैत्री (सगळ्यांचं भलं चिंतणं), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (मनाचा समतोल) या चार ब्रह्मविहारांची, म्हणजे बौद्ध साधनेत मनात वाढवायच्या चार भावनांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी करुणेबद्दलच विचारलं आहे. त्यातले पाच प्रश्न आज घेतो.

मी अठरा वर्षं नर्स आहे. पूर्वी पेशंट दगावला की घरी येऊन जेवण जायचं नाही. आता काहीच वाटत नाही. माझी करुणा आटली का?
(एक वाचक, कोल्हापूर)

ताई, जेवण जायचं नाही ती करुणाच होती, असं का धरून चाललात? पाचव्या शतकात बौद्ध आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ हा साधनेवरचा पाली ग्रंथ लिहिला. त्यात करुणेचे दोन शत्रू सांगितलेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात घुसतो आणि पत्ता लागत नाही. क्रौर्य शमलं तर करुणा साधली, शोक उपजला तर ती बिघडली, इतकं स्पष्ट तिथं म्हटलं आहे.

2019 च्या महापुरात हे मी डोळ्यांनी पाहिलं. निवारा केंद्रात चिखलीकडची एक आजी ताटाला हात लावत नव्हती. तिच्या दोन म्हशी गोठ्यातच राहिल्या होत्या. आमच्यातल्या एक बाई तिच्या गळ्यात पडून रडल्या, मग त्यांनाच पाणी द्यावं लागलं. एक कॉलेजचा पोरगा मात्र शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, “आजी, दावं सोडलंय का बांधलेलंच हाय?” आजी म्हणाली, “सोडलंय.” “मग त्या उंचावर गेल्या असतील. गोठा कुठं, सांगा.” त्यानं बोटीवरच्या पोरांना फोन लावला. पोराच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण दुःखावर हात त्यानेच घातला.

तुमच्यासाठी एक कसोटी सांगतो. सुई टोचताना “जरा दुखेल हं” असं अजून तोंडातून येतं का? येत असेल तर करुणा शाबूत आहे, वरचा शोक तेवढा गळून गेलाय. येत नसेल, पेशंट नुसता बेड नंबर वाटत असेल, तर त्याला उपेक्षा समजू नका. तो थकवा आहे. वॉर्ड बदलून मागा, रजा घ्या, आणि काही दिवस करुणाभावना, म्हणजे करुणेचं ध्यान, बाजूला ठेवून स्वतःसाठी मैत्री करा. मैत्रीची सुरुवात स्वतःपासूनच सांगितलेली आहे, त्यात स्वार्थ नाही.

आळत्याच्या धम्मालय विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. दहाव्या दिवशी मंगल मैत्री शिकवली, तेव्हा डोळे भरून आले. घरी आल्यावर आठवड्यात सासूबाईंशी खटका उडाला. आता ‘सर्वांचे मंगल होवो’ म्हणताना खोटं बोलल्यासारखं वाटतं.
(एक वाचक, इचलकरंजी)

‘सर्व’ म्हणणं सोपं असतं, कारण त्यात कुणाचा चेहरा नसतो. परंपरेतला क्रम पाहा : आधी स्वतः, मग ज्यांच्याबद्दल आदर आहे अशी व्यक्ती, मग जवळचं माणूस, मग ज्याच्याशी घेणंदेणं नाही असा कुणी, आणि शेवटी वैरी. वैऱ्यापासून सुरुवात करू नका, असं बजावलंच आहे. तेव्हा सासूबाईंना इतक्यात हात घालू नका. महिनाभर रोजच्या केएमटी बसमधल्या कंडक्टरवर मैत्री करून बघा. कठीण आहे ते, कारण एरवी त्यांच्याकडे आपलं लक्षच नसतं.

चुलत्यानं आमची सव्वा एकर हडप केली. कोर्टात केस चालू आहे. मी बौद्ध उपासक. करुणा म्हणून केस मागं घ्यावी, असं घरचे म्हणतात.
(एक वाचक, गडहिंग्लज)

दादा, केस मागं घेऊ नका. अन्याय सोसणं म्हणजे करुणा, असं धम्मात कुठेही नाही. बाबासाहेबांकडे बघा. आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावात 1920 साली शाहू महाराजांनी ज्यांना समाजाचा पुढारी म्हणून जाहीर केलं, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह केला. नंतर त्या तळ्याचा दावा वर्षानुवर्षं चालला आणि 1937 मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूनं लागला. करुणेला मोठं स्थान देणाऱ्या माणसानं हक्काचं पाणी सोडलं नाही.

साधनेचा भाग कोर्टाच्या बाहेर आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर चुलत्याचं वाटोळं होताना मनात बघता का? तेवढं थांबवायचं. बुद्धघोषांचा एक दृष्टान्त मला फार लागतो. चोराला वधस्थानाकडे नेताना लोक त्याला खायला देतात, हार घालतात, विडा देतात. तो खातो, मिरवतो. पण पाहणाऱ्याला तो सुखी वाटत नाही, कारण एकेक पाऊल तो मरणाच्या जवळ चाललाय. दुसऱ्याचं लुबाडून सुखात दिसणाऱ्याकडे असं बघायला शिकवलं आहे. तारखेला जा, सात-बारा, फेरफार सगळं वकिलांकडे द्या, आणि चुलता बांधावर भेटला तर “जेवलासा काय?” एवढं विचारता आलं तर विचारा.

तांबडा-पांढरा रस्सा खाणाऱ्यानं करुणेची साधना करावी का?
(एक वाचक, राजारामपुरी)

करावी. पाली सुत्तांत भिक्षूला आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली तर ते मांस वर्ज्य आहे, एरवी नाही. उपासकांना मांसाचा व्यापार मना केला आहे. महायान या बौद्ध पंथातलं लंकावतार सूत्र मात्र मांसाहाराचाच निषेध करतं. माझं मत विचाराल तर साधना वाढली की ताटाकडे बघण्याची नजर आपोआप बदलते. ती बदलेपर्यंत कुणी कुणाच्या ताटात डोकावू नये.

सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांचं सगळं मीच करते. ध्यानाला बसायला वेळ मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं.
(एक वाचक, कागल)

विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, त्यातल्या महावग्गात, एक प्रसंग आहे. अतिसारानं आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला होता. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कुणी बघत नाही, असं तो म्हणाला. बुद्धांनी आपले शिष्य आनंद यांना पाणी आणायला लावलं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी धुतलं. मग एकानं डोक्याकडून आणि एकानं पायांकडून उचलून त्याला मंचकावर ठेवलं. त्यानंतर भिक्खूंना बोलावून बुद्ध म्हणाले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची करावी.

काकू, उद्या सासऱ्यांना पुसायच्या वेळी आधी पाण्यात हात घालून कोमट आहे का बघा. पाठ पुसताना फक्त पाठ पुसा, गॅसवरचं दूध आणि मुलांचा डबा थोडा वेळ मनातून बाजूला ठेवा. तुमची बैठक तीच.