कमिशनचा दर त्यांचा, वाचक तुझा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीच्या सेलमध्ये टेलिग्रामवर ऑनलाइन दुकानांच्या लिंक टाकून विक्रीमागे कमिशनचे बरे पैसे आले आणि नंतर सगळं थंड पडलं, म्हणून आणखी दोन-चार चॅनेल काढू का, असं तू विचारलं आहेस. काढू नकोस. डीलसाठी आलेला माणूस दहा रुपये स्वस्त दिसलं की दुसरीकडे जातो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तुझ्या शब्दावर कुणी खरेदी केली नव्हती, किमतीवर केली होती.

दुसऱ्याच्या दरपत्रकावर घर चालवण्यात धोका केवढा असतो, ते २०२० च्या एप्रिलमध्ये दिसलं. ॲमेझॉनने अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आणलं, किराण्यावरचं ५ वरून १ वर. सूचना आठवडाभर आधी. ज्यांची सगळी मिळकत त्या एकाच खात्यावर होती, त्यांचे वाचक तेवढेच राहिले आणि पैसे निम्म्याहून कमी झाले. म्हणून तुझ्या साइटवरच्या घरघंटीच्या लेखाखाली दोन दुकानांच्या लिंक असू देत, आणि जमलं तर एखाद्या उत्पादकाशी थेट बोलून स्वतःचा कूपन कोडही घे.

घरघंटीचं मुद्दाम काढलं, कारण तो तुझा विषय आहे. तुझ्या घरी ती रोज चालते. पण तुझा लेख वाचला तर त्यात कंपनीच्या पानावरचीच माहिती आहे: एक एचपी मोटर, इतक्या जाळ्या, इतकं वजन. विकत घेणाऱ्या बाईचे प्रश्न वेगळे असतात. चकलीची भाजणी कोणत्या जाळीने दळायची? बेसन दळल्यावर आतलं पीठ नीट निघतं का, की उपवासाच्या भगरीत ते उतरतं? धुतलेले तांदूळ थोडे दमट राहिले तर जाळी तुंबते का? वन-बीएचकेमध्ये दुपारी लावली तर शेजारचे दार वाजवतील का? हे सगळं तू स्वतः दळून, फोटो काढून, आवाज रेकॉर्ड करून दाखव. २०२१ पासून गूगलही वस्तू हाताळून लिहिलेल्या परीक्षणांना झुकतं माप देऊ लागलं आहे, पण ते नसतं तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

आणि कुणी घेऊ नये तेही लिही. दोन माणसांच्या घरात आठवड्याला दोन किलो पीठ लागत असेल, तर कोपऱ्यावरची गिरणी बरी. परत गेलेल्या वस्तूचं कमिशन तसंही कापलं जातं. शिवाय पस्तावलेला ग्राहक तुझं पान पुन्हा उघडत नाही.

ॲमेझॉनच्या लिंकवर क्लिक केल्यापासून २४ तासांत खरेदी झाली तरच सहसा तुला कमिशन मिळतं. घरघंटीसारखी महाग वस्तू कुणी एका दिवसात ठरवत नाही. आई विचारते, नवरा विचारतो, पगाराची वाट पाहिली जाते. म्हणून माणूस पुन्हा तुझ्याकडे यायला हवा. त्यासाठी ईमेलची यादी आजपासून कर. दसऱ्याच्या आधी भाजणीचं प्रमाण पाठव, उन्हाळ्यात वाळवणाच्या पिठांचं. प्रत्येक पत्रात विक्री नको. लिंक द्यायची तेव्हा स्वतःच्या पानाची दे. दुकानाचा पत्ता किंवा दर बदलला तर एकाच जागी दुरुस्त करता येतं.

कमिशनची गोष्ट लपवू नकोस. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सूचना काढल्या आहेत: आर्थिक संबंध असेल तर तो ठळक सांगायचा. तुझी ती ओळ पानाच्या तळाशी, बारीक इंग्रजीत आहे. ती वर आण, पहिल्या लिंकच्या आधी, मराठीत: 'या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं.' लोक बिचकत नाहीत. उलट आमचे कितीतरी वाचक मुद्दाम त्याच लिंकवरून घेतात. कमिशनवर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, जातो, तो आयकर खात्याच्या साइटवर तपासत जा आणि रिटर्न वेळेवर भर.

नवीन लेख सध्या थांबव. जुन्यातले दहा निवड, बंद झालेली मॉडेलं काढ, मेलेल्या लिंक बदल, वर दुरुस्तीची तारीख टाक. घरघंटीपासून सुरुवात कर. भाजणी दळलीस की जाळीचा फोटो आधी मला पाठव, साफ करण्यापूर्वीचा.

तुझा,
काका