रजिस्टर नंतर उघड

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. साहेबाले आठवड्यात ग्रामसभेचा जमिनीचा ठराव पाहिजे, गाव म्हणते थांबा, पोलीस विचारतात रात्री कोण आलं होतं, आणि मधात तू. कोणाच्या बाजूनं राहू म्हणून विचारतेस. अगं, बाजूचं सोड. ग्रामसभेले आधी विचार, रजिस्टर नंतर उघड.

पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, १९९६ चा, केला दिल्लीनंच. जमीन घ्यायच्या आधी ग्रामसभेशी नाहीतर योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करा म्हणते तो. त्या 'नाहीतर'मधूनच सगळे निसटतात. मीही निसटलो.

गडचिरोलीत एटापल्लीकडं असताना एका टोल्याचा, म्हणजे पाड्याचा, ठराव मी बाजाराच्या दिवशी घेतला, मजकूर आधीच लिहून नेला होता, शाईचा पॅड मोहाच्या बुंध्याशी ठेवला आणि मीठ-मिरची घेऊन परतणाऱ्यांचे अंगठे घेत गेलो. एका म्हाताऱ्यानं माडियात काहीतरी विचारलं. मले समजलं नाही. म्हटलं, रोडचं आहे बाबा, लाव. त्यानं लावला आणि शाई झाडाले पुसली. पुढच्या खेपेस त्या टोल्यात कोणी मले बसायले बाज टाकून दिली नाही.

तू म्हणशील काका, तुम्ही तर केलंच ना. केलं. वरून रोज तगादा, रात्री दादा लोकांची, म्हणजे नक्षल्यांची भीती, घरी दोन लेकरं, आणि रोड वाईट नव्हताच, बाळंतीण बाई दवाखान्यात पोचली असती हे मी आजही म्हणतो. पण विचारलं असतं तर तेच लोक हो म्हणाले असते! हेच खुपते मले. म्हणून डोकं खातो तुझं, आधी विचार.

आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाले २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक पासासाठी भांडावं लागलं, एप्रिल २०११ मध्ये केंद्राचे मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा कुठं पासबुक ग्रामसभेच्या हाती पडलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढावाल्यांची घोषणा लोक दिल्लीविरुद्धची समजतात, पहिला अर्धा भाग कोणी ऐकतच नाही.

आता तेंदूचा सीझन आहे, लोक पहाटेच पानाले जातात, दुपारभर पुडे बांधतात, म्हणून सभा संध्याकाळी ठेव. आधी भूमियाले, गावच्या जुन्या रीतीच्या मुखियाले, भेट. माडिया येणारी अंगणवाडीची ताई सोबत ने, बाया बोलेपर्यंत उठू नको. आणि साहेबाचा फोन आला तर सांग रेंज नव्हती, तिकडं नसतेच.

बाज टाकली का ते मले कळव.

काका