बरगडीची गाठ साधी आहे, तर काढायची कशाला?

ताई, तुमच्या 8 वर्षांच्या मुलाच्या बरगडीवर ऑस्टिओकॉन्ड्रोमा, म्हणजे हाडातून वाढणारी गाठ, निघालाय. डॉक्टर म्हणतात कॅन्सर नाही, पण काढा. सासूबाई म्हणतात, साधी गाठ आहे तर चाकू कशाला? आमच्याकडे हाच वाद दोन महिने चालला. मुलगी तेव्हा 9 वर्षांची होती.

गाठ साधी आहे एवढ्यावर काहीच ठरत नाही. ती कुठल्या बाजूला वाढतेय ते बघायचं. बाहेरच्या बाजूला असेल, दुखत नसेल, तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. हाडांची वाढ थांबली की सहसा तीही थांबते. आतल्या बाजूची गोष्ट वेगळी. टोक आत असेल तर दर श्वासाला फुप्फुस त्यावर घासतं, आणि क्वचित कधी छातीत रक्त साठतं किंवा हवा भरते. आमच्या सर्जननी सीटी स्कॅनवर पेन टेकवून दाखवलं : बाहेरून हाताला लागत होती सुपारीएवढी, आणि आत बोरीच्या काट्यासारखं टोक. आमचा वाद तिथेच मिटला. तुम्हीही स्कॅन समोर ठेवून आतली बाजू दाखवायला सांगा, रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका.

ऑपरेशनमध्ये नुसतं टोक तासून भागत नाही. गाठीवर कूर्चेची टोपी असते, वाढते ती तीच. तिचा अंश मागे राहिला तर गाठ परत येऊ शकते, म्हणून बरेचदा बरगडीचा तेवढा तुकडाच काढतात. छाती खचेल ही भीती मलाही होती. एका बरगडीचा तुकडा गेला तर शेजारच्या सांभाळून घेतात. जास्त बरगड्या काढाव्या लागल्या तर जाळी बसवतात, आणि वाढत्या वयात पाठीचा कणा वाकत नाही ना, यावर लक्ष ठेवावं लागतं. आमच्या वेळी आतून दुर्बीण आणि बाहेरून एक छोटा छेद, असं केलं.

खरी परीक्षा नंतर. छातीतलं रक्त-हवा बाहेर काढणारी नळी, तिची ती बाटली, आणि तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र. दुखतं म्हणून पोर खोल श्वासच घेईना. एक चेंडू जेमतेम हलायचा. सिस्टरनी युक्ती सांगितली : आधी दुखण्याचं औषध, अर्ध्या तासाने चेंडू. दुसऱ्या दिवशी दोन चेंडू वर गेले. ‘सहन कर बाळा’ म्हणत औषध टाळू नका. वरवरच्या श्वासाने कफ साठतो आणि न्यूमोनियाची भीती असते.

गाठीचा तपासणी अहवाल आला की ‘टोपी पूर्ण निघाली का’ एवढं आवर्जून विचारा.

आणखी एक. मुलाचे गुडघे, मनगटं, खांदे स्वतः चाचपून बघा, नवऱ्याचे आणि स्वतःचेही. अशा गाठी अनेक असतील तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला 50 टक्के शक्यता. आमच्या ह्यांच्या गुडघ्याखालचा टेंगूळ सगळे क्रिकेटच्या चेंडूचा समजत होते. मग मुलीचे एक्स-रे काढले, तर मनगटाजवळ आणि मांडीच्या हाडावर बारीकशा गाठी निघाल्या. त्यांना कुणी हात लावलेला नाही, वर्षातून एकदा दाखवून आणतो.