टॅबवरून बोलणाऱ्या लेकीला भूतकाळ कसा शिकवू?

ताई, लेक बोलण्यासाठी टॅबवरचे शब्द दाबते, पण 'पडणे', 'चढणे' एवढंच, असं म्हणालात. सुरुवात 'पडली, चढली, घसरली'पासून करा; मूळ धातू तसाच राहतो, पुढे फक्त 'ली' लागते. 'गेली', 'केली' नंतर, तिथे धातूच बदलतो. 'सोलणे'सुद्धा थांबू द्या: 'संत्रं सोललं' पण 'काकडी सोलली', तिथे रूप कर्माप्रमाणे बदलतं.

महाराजबागेत ती घसरून खाली आली की लगेच तुम्हीच तिच्या टॅबवर दाबा: 'मी घसरली'. पुस्तकात 'घसरले' असतं, पण नागपुरात बऱ्याच घरांत 'मी घसरली'च म्हणतात. घरची बोली आधी. तिच्याकडून लगेच दाबून घेऊ नका, परीक्षाही नको. रात्री बागेतले फोटो पाहत पुन्हा दाखवा आणि थांबा, तिला वेळ द्या.