अमेरिकेत न्यायालयात बायबलमधल्या दहा आज्ञा लावता येतात का?

२००५ च्या निकालांत तरी कशासाठी लावल्यात, त्यावर ठरलं. २७ जून २००५ या एकाच दिवशी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन उलटे निकाल दिले: केंटकीत कोर्टाच्या भिंतींवर लावलेल्या या आज्ञांच्या चौकटी घटनाबाह्य, पण टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारातली शिळा चालेल. दोन्ही ५-४, बाजू बदलली ती एकट्या न्या. ब्रेयर यांनी. गोंधळच आहे, खरं सांगायचं तर.

अलाबामाचे मुख्य न्यायमूर्ती रॉय मूर यांनी मात्र २००१ मध्ये या आज्ञा कोरलेला जवळजवळ २४०० किलोचा ग्रॅनाइटचा ठोकळा रातोरात न्यायालयाच्या इमारतीत बसवला. हटवायचा आदेश मानला नाही, २००३ मध्ये खुर्ची गेली.

खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात मोझेस (बायबलनुसार याच आज्ञा आणणारा) कोरलेला आहेच, पण बॅबिलोनचा राजा हम्मुराबी, चिनी विचारवंत कन्फ्यूशियस यांच्या रांगेत. तिथे तो कायदे देणाऱ्यांपैकी एक, म्हणून चालतो.